खिम्यात पाव का घालतात

अमेरिकेतल्या घरांत आठवड्याच्या मधल्या वारी रात्रीच्या जेवणाला होणारा मीटलोफ हा तिथला अगदी साधा मांसाहारी पदार्थ. खिमा, कांदा, अंडं आणि दुधात भिजवलेला पाव एकत्र कालवायचा, त्याला लांबट चौकोनी आकार द्यायचा, वरून टोमॅटो केचपचा हात फिरवायचा आणि ओव्हनमध्ये तासभर भाजायचं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अनेक घरांत गोमांसाच्या जागी टर्कीचा खिमा आला आणि त्यासोबत एक तक्रारही आली. टर्कीचा मीटलोफ कोरडा होतो, घशाखाली उतरत नाही, त्याला चव म्हणून नसते, ही ती तक्रार. त्यावरचं ठरलेलं उत्तर असं की टर्कीचं मांसच मुळात रुक्ष, तब्येतीसाठी खायचं तर एवढं सोसायलाच हवं. मला हे उत्तर पटत नाही. अमेरिकन मीटलोफचा इतिहास उलगडून पाहिला तर दिसतं की हा पदार्थ घडला तोच कमी चरबीच्या, फिक्या, सौम्य चवीच्या मांसासाठी. अशा मांसाला रसाळ कसं ठेवायचं याचं ज्ञान त्यात पहिल्यापासून होतं. मधल्या काळात मांस स्वस्त झालं, चरबीदार झालं आणि ते ज्ञान वापरायची गरज उरली नाही. पुढे टर्की स्वयंपाकघरात आली तेव्हा नेमकं तेच विसरलं गेलेलं होतं. दोष टर्कीच्या माथी मारला गेला.

खिम्यात पाव घालणं म्हणजे गरिबीतली भर, थोडं मांस जास्त तोंडांना पुरवण्याची युक्ती, असा समज सर्वत्र आहे. हा समज अर्धाच खरा आहे. आपिकियसच्या नावानं ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा ग्रंथ इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास संकलित झाला असं मानतात. त्यात कुटलेल्या मांसाचा एक प्रकार दिला आहे. बारीक केलेलं मांस वाइनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या पावाच्या गरासोबत वाटायचं, त्यात मिरी आणि माशांपासून केलेलं खारं पाणी घालायचं, चिलगोजे मिसळायचे आणि जनावराच्या पोटातल्या चरबीच्या जाळीत गुंडाळून भाजायचं. यातली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजानं समुद्रापार जात असे. पांढऱ्या गव्हाचा पाव रोममध्येही सधनांच्या घरचा. ज्याला मलबारची मिरी आणि चिलगोजे परवडतात तो चार घास वाचवण्यासाठी मांसात पाव घालणार नाही. तो पाव घालतो कारण पावाशिवाय कुटलेलं मांस भाजल्यावर आवळून घट्ट होतं, हे त्याच्या आचाऱ्याला ठाऊक असतं. पाव आधी तंत्र म्हणून आला. काटकसरीचं काम त्याच्याकडून पुष्कळ नंतर करून घेतलं गेलं.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पाककृतींच्या पुस्तकांत आज आपण ज्याला मीटलोफ म्हणू असा पदार्थ वारंवार भेटतो तो वासराच्या मांसाचा, म्हणजे व्हील लोफ. गोमांसाचा नव्हे. याचं कारण शेतीत आहे. न्यू इंग्लंड आणि न्यू यॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात दुभत्या गायी पाळल्या जात आणि दूध, लोणी, चीज यांवर घर चाले. दुभत्या कळपात गोऱ्ह्यांचा उपयोग नाही, त्यांना चारा घालून वाढवणं तोट्याचं. त्यामुळे त्या प्रदेशात वासराचं मांस मुबलक आणि स्वस्त असे. कोवळ्या वासराच्या मांसात चरबी अगदी कमी, रंग फिका, चव मवाळ. ते नुसतं भाजलं तर कोरडं पडतं. आता हेच वर्णन टर्कीच्या छातीच्या मांसाला जसंच्या तसं लागू पडतं, हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल. आजच्या टर्की मीटलोफचा खरा पूर्वज शोधायचा तर तो विसाव्या शतकातल्या गोमांसाच्या लोफमध्ये शोधून भागत नाही. त्याच्याही मागे जाऊन वासराच्या लोफपर्यंत पोचावं लागतं.

बोस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांचं पुस्तक 1896 साली आलं आणि सपाट भरलेल्या चमच्या-वाटीची मापं अमेरिकन स्वयंपाकघरात रूढ करण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. फार्मर यांनी व्हील लोफ दोन तऱ्हांनी सांगितला आहे, आणि दोन्ही तऱ्हा बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत. एका तऱ्हेत वासराच्या गुडघ्याकडचा हाडासकटचा भाग पाण्यात शिजवायचा, मांस बारीक करायचं आणि आटवलेल्या रसासकट साच्यात घालून थंड करायचं. हाडांतलं आणि सांध्यातलं जिलेटिन रसात उतरतं, गार झाल्यावर ते आपोआप धरतं आणि कापलेला प्रत्येक काप ओलसर राहतो. दुसरी तऱ्हा भाजण्याची. तीन पौंड बिनचरबीच्या मांसाला अर्धा पौंड खारवलेली डुकराची चरबी, सहा क्रॅकर लाटून केलेला चुरा, चार मोठे चमचे साय, लिंबाचा रस, मीठ, मिरी आणि कांद्याच्या रसाचे थेंब. हे सगळं पावाच्या छोट्या साच्यात दाबून भरायचं, वरून अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि मंद आचेवर तब्बल तीन तास भाजायचं. भाजताना वर वितळलेली चरबी ओतत राहायची आणि ती आत मुरावी म्हणून लोफला वारंवार टोचायचं.

या कृतीत एकही वस्तू शोभेला घातलेली नाही. क्रॅकरचा चुरा साय आणि मांसाचा रस शोषून धरतो. चरबी मांसाची उणीव भरते. लिंबू आणि कांदा मवाळ चवीला धार आणतात. मीठ मांसातली प्रथिनं सैल करतं आणि त्यांच्यामुळे खिमा एकजीव होतो. सगळ्यांत महत्त्वाचं ते प्रमाण. साडेतीन पौंड मांस आणि चरबीला क्रॅकर फक्त सहा. मांस पुरवण्यासाठी भर घालायची असती तर सहा क्रॅकरनं काय भागणार होतं? लिहिणाऱ्या बाईंना पदार्थ पुरवायचा नव्हता, ओला ठेवायचा होता, ही गोष्ट या एका आकड्यातून स्वच्छ दिसते. पावाच्या बाजूनं बोलणाऱ्याला याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

मग गोमांस कसं शिरलं? दोन यंत्रांनी ते आणलं. पूर्वी मांस लाकडी परातीत अर्धगोल पात्याच्या सुरीनं हातानं बारीक करत, आणि त्यात वेळ आणि मनगट दोन्ही झिजत. 1880 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज कंपनीसारख्या कारखान्यांनी टेबलाला आवळून बसवायची, हातानं फिरवायची खिम्याची यंत्रं घरोघर पोचवली. त्याच सुमारास शिकागोच्या गस्टाव्हस स्विफ्ट यांनी बर्फानं थंड ठेवलेले रेल्वेचे डबे वापरून पश्चिमेकडे कापलेलं गोमांस पूर्वेकडच्या शहरांत स्वस्तात उतरवायला सुरुवात केली. मोठ्या प्रमाणावर मांस कापलं की कडांचे, चरबीचे, चांगल्या तुकड्यांत न बसणारे भाग ढिगानं उरतात. खिम्याच्या यंत्रात ते सगळे खपतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गोमांसाचा खिमा अमेरिकन स्वयंपाकघरात हाताशी असणारी वस्तू झाला. या खिम्यात पाचवा हिस्सा चरबी असणं नेहमीचं. असा खिमा फार भाजला, नीट कालवला नाही, पाव कोरडाच टाकला, तरी तोंडात काहीतरी ओलसर, स्निग्ध लागतं. चरबीनं चुका झाकल्या. पाव दुधात का भिजवायचा, हा प्रश्न कुणाला पडेनासा झाला.

त्यातच दोन युद्धं आणि मधली मंदी आली, आणि पावाच्या नावाला बट्टा लागला. 1906 साली अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीनं शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण जगापुढे मांडली, आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. दळलेल्या मांसात नक्की काय आहे, ही शंका तेव्हापासून लोकांच्या मनात घर करून राहिली. पहिल्या महायुद्धात हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनानं आठवड्यातला मंगळवार बिनमांसाचा पाळायला सांगितलं. 1930 च्या दशकात नोकऱ्या गेल्या तेव्हा पाव भसाभसा वाढला, मांस घटलं. दुसऱ्या महायुद्धात मार्च 1943 पासून मांस, लोणी, चीज रेशनवर आलं, आणि ओट, कॉर्नफ्लेक्स, कडक पावाचा चुरा यांनी भरलेले लोफ देशभर शिजले. कोंबडी आणि टर्की मात्र रेशनच्या बाहेर होत्या. ज्या पिढीनं ही दहा-पंधरा वर्षं काढली तिच्या जिभेवर मीटलोफ म्हणजे टंचाई हे समीकरण बसलं, आणि पुढच्या सुबत्तेच्या काळात अधिक मांस, कमी पाव ही चांगल्या घरची खूण ठरली. ही भावना समजण्यासारखी आहे. पण तिनं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. साडेतीन पौंडांना सहा क्रॅकर हे तंत्र आहे. मांसाइतकाच ओट ही टंचाई आहे. दुसऱ्याची शिक्षा पहिल्याला झाली.

टर्कीची वाट याहून लांबची. हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोच्या परिसरात तो युरोपीय लोक येण्याच्या पुष्कळ आधी माणसाळवला गेला होता, आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यापर्यंतही आला. 1612 साली जहांगीर बादशहाच्या हुकुमावरून मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून ज्या दुर्मीळ चिजा घेऊन गेला त्यांत एक टर्की होती. बादशहानं तिच्या डोक्या-मानेच्या बदलत्या रंगांचं वर्णन आठवणींत लिहून ठेवलं, आणि दरबारी चित्रकार मन्सूर याच्या नावे असलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मोगल दरबारात नवल ठरलेला हा पक्षी खुद्द अमेरिकेत सणाचा मानकरी झाला. लिंकन यांनी 1863 साली थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस जाहीर केल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी अख्खी टर्की भाजणं घरोघर रुजलं.

सणापुरताच खप असलेला पक्षी वाढवणाऱ्यांना परवडत नाही. विसाव्या शतकात टर्कीची पैदास वेगानं बदलली. रुंद छातीची पांढरी जात आली, तिच्यात छातीचं मांस इतकं वाढलं की नर-मादीचा नैसर्गिक संयोगही होईनासा झाला आणि पैदाशीसाठी कृत्रिम रेतन करावं लागलं. पण पक्ष्याला छाती आहे तशा मांड्याही आहेत, आणि ग्राहकाला हवी असते छाती. मांड्यांच्या गडद मांसाचं करायचं काय, या अडचणीतून वर्षभर विकता येतील असे नवे पदार्थ निघाले. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट बेकर यांनी कोंबडी-टर्कीच्या मांसापासून अनेक तयार पदार्थ घडवले. टर्की हॅम आला तो मांड्यांच्या मांसाचा, आणि खिम्यातही हेच गडद मांस मुख्यत्वे वापरलं जाऊ लागलं. 1977 च्या जानेवारीत सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीनं अमेरिकनांच्या आहाराबद्दल अहवाल दिला. त्यात मांस कमी करून कोंबडीवर्गीय पक्षी आणि मासे वाढवण्याचा सल्ला होता. गुरं पाळणाऱ्यांच्या विरोधानंतर त्याच वर्षअखेरीच्या आवृत्तीत शब्द मवाळ झाले, पण लोकांनी घ्यायचा तो अर्थ घेतला होता. 1970 नंतरच्या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेतला टर्कीचा माणशी खप दुपटीहून अधिक झाला.

इथेच गोष्ट बिघडली. चरबीची धास्ती घेतलेल्या ग्राहकासाठी दुकानांत 99 टक्के चरबीमुक्त असा नुसत्या छातीचा खिमा आला. टर्कीचा खिमा पूर्वी गडद मांसाचा असताना त्यात जी थोडीफार स्निग्धता होती तीही गेली. आरोग्याच्याच नावाखाली पाव कमी झाला, मीठ कमी झालं, सायीच्या जागी काहीच आलं नाही. वर शिजवण्याची अटही कडक झाली. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की गोमांसाचा खिमा आतून 71 अंश सेल्सिअसला पोचला तरी चालतो, पक्ष्यांचा खिमा मात्र 74 अंशांपर्यंत तापलाच पाहिजे. मांसातली प्रथिनं साठ अंशांच्या पुढे आवळत जातात आणि स्वतःतलं पाणी बाहेर ढकलतात, त्यामुळे शेवटच्या काही अंशांत नुकसान जास्त. म्हणजे सगळ्यात कोरडं मांस सगळ्यात जास्त तापवायचं आणि पाणी धरून ठेवणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकायची, असा हा प्रकार होता. असं केल्यावर लोफ कोरडा झाला यात टर्कीचा काय अपराध?

यावर कुणी म्हणेल की हा सगळा पावाचा गौरव कशाला, चरबी घातली की प्रश्न सुटतो. यात तथ्य आहे. गडद मांसाचा, 85 ते 93 टक्के चरबीमुक्त असा खिमा घेतला तर निम्मं काम तिथेच होतं, आणि फार्मर बाईंनीही चरबी भरपूर वापरली होती. तरी चरबी पाण्याची जागा घेत नाही. ती वितळते आणि काही भाग ताटात उतरतो. भिजलेल्या पावातला स्टार्च मात्र उष्णतेनं फुगतो, दूध आणि मांसातून सुटलेला रस स्वतःत धरतो आणि प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. मुंबईच्या इराणी हॉटेलातल्या खिमा कटलेटमध्ये पावाचा स्लाइस भिजवून घालतात, त्याचंही काम तेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे स्टार्च आणि प्रथिनांचं गणित आजच्या विज्ञानानं सांगितलं, जुन्या बायकांना त्यातलं काय कळत होतं? कारण कळत नव्हतं, परिणाम कळत होता, आणि स्वयंपाकात परिणामाचं ज्ञान हेही ज्ञानच. फार्मर यांच्या गुडघ्याच्या हाडांच्या रसाची जागा आता बऱ्याच स्वयंपाकघरांत रसात विरघळवलेली जिलेटिनची पूड घेते. हेतू मात्र तोच. विज्ञानानं एक खरी नवी देणगी दिली आहे ती थर्मामीटरची. तीन तास भाजून खात्री करण्याऐवजी 74 अंशांवर नेमकं थांबता येतं, आणि त्या अचूकपणासाठी मी विज्ञानाचे आभारच मानेन. तिसरा आक्षेप असा की टर्कीचा मीटलोफ हा मुळातच पथ्याचा पदार्थ, त्याला परंपरा कसली. पाककृती-लेखिका आयना गार्टन यांच्या 1999 च्या पुस्तकातली टर्की मीटलोफची कृती या आक्षेपाला पुरेशी आहे. ऑलिव्ह तेलात परतलेला कांदा, वूस्टरशायर सॉस, चिकन स्टॉक, टोमॅटो पेस्ट, पावाचा चुरा, अंडी, आणि ओव्हनमध्ये खाली गरम पाण्याचं भांडं. ती वाचताना फार्मर बाईंचा व्हील लोफ आठवतो, पथ्य आठवत नाही.

घरी करायचा तर क्रम असा. पावाचे दोन-तीन स्लाइस अर्धी वाटी दुधात भिजवून बोटांनी कुस्करायचे, त्याची गुठळी नसलेली लापशी व्हायला हवी. एक मोठा कांदा, दोन-तीन लसूण पाकळ्या आणि मूठभर बारीक चिरलेले मश्रूम तेलात मंद आचेवर परतायचे, कांदा पारदर्शक होऊन मश्रूमचं पाणी आटेपर्यंत, आणि पूर्ण गार करायचे; गरम कांद्यानं खिमा जागच्या जागी शिजायला लागतो. मग दोन अंडी, दीड चमचा मीठ, मिरी, थोडं थाइम, दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस आणि शेवटी 900 ग्रॅम टर्कीचा खिमा. कालवताना हात हलका हवा. कणीक मळतो तसा मळला तर प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि लोफ रबरासारखा होतो. साच्यात दाबण्यापेक्षा उघड्या ट्रेमध्ये आकार दिला तर कडा खरपूस होतात. वर केचपचा थर देऊन 175 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचं आणि पाऊण तासानंतर मधोमध थर्मामीटर खुपसून पाहायला लागायचं. 74 अंश झाले की लगेच बाहेर काढून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर सांडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी घरांत गोमांस आणि डुकराचं मांस वर्ज्य आहे, आणि मटण प्रत्येक दुकानात मिळत नाही. खिमा-पावासाठी तिथे टर्कीचा खिमा सर्रास आणला जातो. त्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे की मीटलोफ करायचा झाला तर 99 टक्के चरबीमुक्त लिहिलेलं पाकीट दुकानातच ठेवा, गडद मांसाचा खिमा घ्या आणि पाव दुधात भिजवायला लाजू नका.